बिल ७३,१०० चं आणि बोर्ड कूलरमागे: कोपरखैरण्यातलं एक डिस्चार्ज प्रकरण

दोन फोन वीस मिनिटांच्या अंतराने आले. पहिला आमच्याच सोसायटीतल्या पोराचा, "दादा, बाबांना सोडत नाहीयेत." दुसरा एका नर्सिंग होमच्या मॅडमचा, "अहो जरा येता का, खाली दहा-बारा जणं जमलीयत." दोघं एकाच बिलाबद्दल बोलतायत हे मला दुसरा फोन ठेवल्यावर कळलं.

मी छोट्या नर्सिंग होमची कागदपत्रं करून देतो. महापालिकेचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं, बायोमेडिकल वेस्टचं ऑथरायझेशन बघायचं, फायरवाल्या एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, वेळेत घ्यायचा, असली कामं. राहायला नवी मुंबईत घणसोलीला, कामं ऐरोलीपासून नेरुळपर्यंत. त्यामुळे डॉक्टर लोक मला त्यांचा माणूस समजतात आणि सोसायटीतले लोक समजतात की ह्याची हॉस्पिटलमध्ये ओळख आहे, बिल कमी करून देईल. त्या गुरुवारी दोन्ही एकदमच अंगावर आलं. नावं लिहीत नाही, हॉस्पिटलचंही नाही, दोन्ही घरं इथलीच आहेत आणि मला दोन्हीकडे तोंड दाखवायचंय.

पेशंट काका ५८ वर्षांचे, मूळचे पाटण तालुक्यातले, वाशीच्या एपीएमसीतून कांदा-बटाटा उचलून ठाणे-भिवंडीकडे टाकणारा छोटा टेम्पो चालवतात, स्वतःचा. स्वतःचा म्हणजे ना माथाडी बोर्ड, ना ईएसआयसी म्हणजे सरकारी कामगार विमा, ना कुठली पॉलिसी. मुलगा ऐरोलीच्या एका आयटी पार्कात हाउसकीपिंग सुपरवायझर. त्याचं ईएसआयसी आधी होतं पण पगार २१,००० च्या वर गेला आणि तेही सुटलं, पगारवाढीचे पेढे आम्ही खाल्ले होते सोसायटीत.

ऑक्टोबर २०२४, दिवाळीच्या आधीचा आठवडा. काकांना चार दिवस ताप, गल्लीतल्या डॉक्टरने डेंग्यूची टेस्ट सांगितली, कार्डवर पॉझिटिव्ह, प्लेटलेट ६२,०००. शनिवारी रात्री पोरगा आधी त्यांना पालिकेच्या हॉस्पिटलला घेऊन गेला, पण तिथे डेंग्यूच्या सीझनमध्ये वॉर्डाची काय अवस्था असते ते नवी मुंबईकराला सांगायला नको. आई म्हणाली, पोरा, इथं नको. मग रिक्षाने कोपरखैरणे, कारण सोसायटीतल्या दोन बाळंतपणांमुळे ते हॉस्पिटल माहितीतलं. १८ बेडचं नर्सिंग होम, खाली दुकानं, वर दोन मजले, डॉक्टर एमडी मेडिसीन आणि मॅडम गायनॅक, नवरा-बायको.

ऍडमिशन रात्री १०:४० ला झालं. डिपॉझिट २५,००० सांगितलं, पोराने १०,००० जीपे केले, बाकी सोमवारी देतो म्हणाला. रिसेप्शनिस्टने इंग्लिशमधल्या फॉर्मवर चार सह्या घेतल्या. त्याने वाचलं नाही, तिने वाचून दाखवलं नाही, मागे आणखी एक पेशंट उलट्या करत बसलेला. इथे कोणाची चूक काढायची ते मला आजही नीट सांगता येत नाही.

आता त्या दरांच्या बोर्डाचं. महाराष्ट्रात खाजगी हॉस्पिटलला लागू होतो तो १९४९ चा नर्सिंग होम रजिस्ट्रेशन कायदा, तेव्हा नावात बॉम्बे होतं, आता महाराष्ट्र. केंद्राने २०१० साली क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट ऍक्ट आणला पण तो आपल्या राज्याने घेतला नाही, जुन्यालाच ठिगळं लावत आलोय. त्यातलं मोठं ठिगळ म्हणजे जानेवारी २०२१ चे सुधारित नियम. त्यात पेशंटच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, बेड, व्हिजिट, नर्सिंग, ओटी, मॉनिटर वगैरे १५ प्रकारच्या सेवांचे दर लोकांना दिसतील असे लावायचे, औषधं आमच्याच मेडिकलमधून घ्या अशी सक्ती करायची नाही, आणि बिलासाठी बॉडी अडवून ठेवायची नाही, असं सगळं आलं. तक्रारीसाठी महापालिकेने कक्ष आणि टोल फ्री नंबर ठेवायचा हेही आलं.

ह्या हॉस्पिटलचा दरांचा बोर्ड मीच करून दिला होता. २०२१ मध्येच, तुर्भ्याच्या फ्लेक्सवाल्याकडून, तीन बाय चारचा सनबोर्ड, १,४०० रुपयांत. डॉक्टरांनी व्हॉट्सऍपवर दर पाठवले, मी टाइप करून दिले, पालिकेतून पाहणीला आलेल्या मॅडमनी फोटो काढला, विषय संपला. नंतर रिसेप्शनला थंड पाण्याचा कूलर आला आणि नेमका बोर्डापुढे बसला. बेडचा दर दिसायचा, व्हिजिटचा अर्धा, खालच्या पाच-सहा ओळी कूलरच्या मागे. पाणी प्यायला वाकलं की वाचता येत होत्या, एवढाच काय तो दर्शनी भाग. आणि २०२१ नंतर दोनदा दर वाढले ते बोर्डावर चढलेच नाहीत, स्टिकर लावू म्हणालो होतो, राहून गेलं. रिन्युअल तीन वर्षांनी, ३१ मार्चला, तोपर्यंत कोण बघतंय, हा माझाच हिशोब होता.

सोमवारी सकाळी काकांच्या प्लेटलेट १८,००० वर आल्या आणि हिरड्यातून रक्त यायला लागलं. ताप उतरला होता म्हणून घरचे खुश होते, पण डेंग्यूत खरा धोका ताप उतरल्यावरच असतो हे डॉक्टरने आईला समजावलं, त्यात तो माणूस चांगला आहे, वेळ देतो. काकांना एचडीयूत, म्हणजे वॉर्ड आणि आयसीयूच्या मधल्या, जास्त लक्ष ठेवायच्या खोलीत हलवलं आणि एसडीपी सांगितली, म्हणजे एकाच डोनरकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट. पोराने सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, चार पोरं वाशीला ब्लड बँकेत गेली, एकाच्या व्हेन आणि काउंट जमले, तो दीड तास मशीनला बसला. चार्ज ११,००० आणि वर टेस्टिंगचे.

इथे एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. रक्ताला दर आहे. नॅशनल ब्लड ट्रान्सफ्युजन कौन्सिलने प्रोसेसिंग चार्ज ठरवून दिलेत, खाजगी ब्लड बँकेत साध्या प्लेटलेटच्या पिशवीला ४०० रुपये, एसडीपीला ११,०००. त्यामुळे पोराने ब्लड बँकेत वाद घातला नाही, पावती घेतली, पैसे दिले. मला फक्त एवढंच विचारलं की सहा साध्या पिशव्या २,४०० मध्ये झाल्या असत्या ना, मग एसडीपी का. प्रश्न चुकीचा नव्हता. डॉक्टरचं उत्तर असं की सहा वेगवेगळ्या डोनरच्या पिशव्या त्या दिवशी त्या ग्रुपच्या मिळत नव्हत्या आणि रक्तस्राव सुरू असताना वाट बघायची नव्हती. हे त्याने मला नंतर सांगितलं, पोराला त्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. आणि एचडीयूत हलवताना बेडचा दर ३,००० वरून ७,००० होणार हेही नाही. सांगितलं असं सिस्टर म्हणते, पोरगा म्हणतो नाही, आई म्हणते कायतरी सांगितलं व्हतं पण माझं ध्यान कुठं हुतं.

काका वाचले. मंगळवारी २९,०००, बुधवारी ५८,०००, गुरुवारी सकाळी ९६,०००, डॉक्टर म्हणाले संध्याकाळी जा घरी.

मी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. खाली रस्त्यावर पोरं उभी, त्यात मला ब्लड बँकेत गेलेली चारही दिसली. ज्याने प्लेटलेट दिल्या तोच सगळ्यात जास्त बोलत होता आणि त्याचा राग मला कळत होता. विधानसभेची आचारसंहिता लागलेली, प्रचाराचा माहोल, त्यामुळे गळ्यात कुठलंच उपरणं नसलेले दोन कार्यकर्तेही हजर. वर गेलो तर काका जनरल वॉर्डात बेडवर बसलेले, शर्ट-पॅन्ट घालून, पिशवी भरून, पायात चप्पल. डाव्या हातात सलाईनची सुई तशीच, टेप लावलेली, बाटली नाही काही नाही. मी सिस्टरला विचारलं काढली का नाही, ती म्हणाली बिलिंगची स्लिप आली की काढते सर, तशी ऑर्डर आहे. चार वाजल्यापासून स्लिपची वाट बघत सुई हातात.

त्या सुईवरच सगळं प्रकरण होतं म्हटलं तरी चालेल. हॉस्पिटलमध्ये कोणीही "तुम्हाला जाता येणार नाही" असं म्हणालं नव्हतं, आणि म्हणतही नाही कोणी. म्हणायची गरजच पडत नाही. फाइल तयार होतेय, समरी टाइप होतेय, डॉक्टरची सही बाकी आहे, सुई काढायला स्लिप हवी. पेशंटला पैशासाठी डांबून ठेवता येत नाही हे आता बिलिंगच्या पोरीलाही माहीत आहे, पण हातात सुई असलेला माणूस स्वतःहून उठून जात नाही हेही माहीत आहे.

मी डॉक्टरच्या केबिनमध्ये जाऊन पहिली गोष्ट हीच सांगितली, सर आधी सुई काढायला सांगा, बिलाचं मग बोलू. तो चमकला. त्याला खरंच माहीत नव्हतं की काय ते मला सांगता येणार नाही, पण फोन उचलून ओरडला आणि दोन मिनिटांत सुई निघाली. खालचा अर्धा आवाज तिथेच कमी झाला.

मग बिल. एकूण ७३,१००, भरलेले २५,०००, बाकी ४८,१००. मेडिकलचे साधारण १९,००० आणि ब्लड बँकेचे वेगळे, ते आधीच गेलेले. पोराकडे त्या क्षणी १५,००० होते.

पोराचं पहिलं म्हणणं वेगळंच होतं. दादा, ह्यांनी महात्मा फुले योजनेत का नाही घेतलं, आता सगळ्यांना ५ लाख फ्री आहे ना. बरोबर ऐकलं होतं त्याने, १ जुलै २०२४ पासून योजना सगळ्या रेशनकार्डवाल्यांना उघडली आणि दीड लाखाचे ५ लाख झाले. पण हे सगळं योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलमध्ये आणि ठरलेल्या उपचारांना, आणि हे हॉस्पिटल यादीत नाहीच. शनिवारी रात्री १५५३८८ ला फोन केला असता तर यादीतलं जवळचं कुठलं ते कळलं असतं. पण रात्री साडेदहाला बापाच्या अंगावर पुरळ दिसत असताना कोण टोल फ्री नंबर लावतं, आणि हे हॉस्पिटल योजनेत नाही असा एक कागद काउंटरवर चिकटवायला काय जात होतं. डॉक्टरला विचारलं तर म्हणाला, पॅकेजचे दर परवडत नाहीत, पैसे कधी येतील त्याचा भरवसा नाही, योजनेचा आरोग्यमित्र, पोर्टल, प्रीऑथ म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, ह्यासाठी वेगळा माणूस ठेवावा लागेल, १८ बेडमध्ये कुठून ठेवू. हे मी दहा डॉक्टरांकडून ऐकलंय.

पोराचं दुसरं म्हणणं जास्त धारदार होतं. "कोविडमध्ये माझी आत्या ऍडमिट होती, तेव्हा ४,००० ला बेड होता सगळं धरून, आता ३,००० चा बेड आणि बाकी सगळं वेगळं कसं?" मी गप्प झालो, कारण पोराची आठवण पक्की होती. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खाजगी हॉस्पिटलचे ८० टक्के बेड ताब्यात धरून दर बांधले होते, वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटर ९,०००, त्यात बेड, नर्सिंग, डॉक्टर, जेवण, नेहमीच्या तपासण्या सगळं. पालिकांनी बिलं तपासायला ऑडिटर बसवले होते. पण तो आदेश साथरोग आणि आपत्तीच्या कायद्यांच्या जोरावर होता, साथ गेली तसा जोर गेला. मागे उरले २०२१ चे नियम, ज्यात दर लावायची सक्ती आहे पण दर किती हवा हे सांगणारं कोणी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला ह्यावरून झापलं, दर ठरवा नाहीतर आम्ही सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, लावू म्हणाले, पण कोपरखैरण्याच्या काउंटरवर त्यातलं काही पोचलेलं नव्हतं.

डॉक्टर ह्यावर जे बोलला ते मी विसरणार नाही. "म्हणजे बोर्डवर मी बेडचे ३०,००० लिहिले तरी कायद्याने बरोबर. आणि ३,००० लिहून आरएमओ लिहायचा विसरलो तर मी चोर." आरएमओ म्हणजे वॉर्डात चोवीस तास असणारा ड्युटी डॉक्टर. खरं आहे. कायदा असाच आहे.

आम्ही तिघं, मी, पोरगा आणि बिलिंगची मुलगी, बिलाची प्रिंट आणि फाइल घेऊन ओपीडीच्या टेबलावर बसलो. दीड तास लागला. मी आधी खाली जाऊन कूलर दोन फूट सरकवला आणि बोर्डाचा मोबाइलवर फोटो काढून आणला, सिक्युरिटीवाला बघतच राहिला.

एका बाजूला बोर्ड, एका बाजूला बिल. बेडचे ३०,०००, तीन दिवस वॉर्ड आणि तीन दिवस एचडीयू. बोर्डावर दर जुने, २,५०० आणि ६,०००. इथे पोराने मला धरलं, दादा हे तर कमी आहेत. डॉक्टर म्हणाला दर वाढलेत, रिसेप्शनला प्रिंटेड लिस्ट आहे. लिस्ट निघाली, ड्रॉवरमधून. ह्यावर मी पोराची बाजू घेतली नाही आणि अजून ते थोडं टोचतं, कारण बोर्ड न बदलल्याचा दोष निम्मा माझा होता आणि ते मी त्या टेबलावर बोललो नाही.

आरएमओ चार्ज ६०० प्रमाणे सहा दिवसांचे ३,६००, बायोमेडिकल वेस्टचे २०० प्रमाणे १,२००. दोन्ही ना बोर्डावर ना ड्रॉवरच्या लिस्टवर. ४,८०० तिथेच काढले. मग सीबीसी, म्हणजे प्लेटलेट मोजायची रक्ताची टेस्ट. बिलात १४, प्रत्येकी ३००. फाइलमधले रिपोर्ट मी टेबलावर पत्त्यासारखे मांडले, तारीख आणि वेळ बघून, ११ निघाले. बिलिंगच्या मुलीचा चेहरा पडला, तिने सिस्टरच्या रजिस्टरवरून एंट्री मारली होती आणि तीन वेळा सॅम्पल क्लॉट झालं म्हणून परत घेतलं होतं. चोरी नव्हती, पण ९०० रुपये होते. मग शनिवार. रात्री १०:४० ला आलेल्या माणसाला शनिवारचा पूर्ण दिवस आणि दोन व्हिजिट, म्हणजे एक तास वीस मिनिटांचे ३,००० आणि एक न झालेली व्हिजिट ८००. दिवस कुठून कुठे मोजायचा हे बोर्डावर नव्हतं, लॉजमध्येसुद्धा चेकआउट टाइम लिहिलेला असतो. तेही गेले. राहिले ६३,६००. डॉक्टरने स्वतःच्या व्हिजिटमधून ३,६०० सोडले आणि आकडा ६०,००० वर आला.

हे सगळं चालू असताना खाली काचेचा दरवाजा फुटला. कोणी फोडला ते सीसीटीव्हीत आहे, मी लिहीत नाही. धक्काबुक्कीत वॉर्डबॉयचा चष्मा गेला. मॅडमनी पोलीस स्टेशनला फोन लावला, बीट मार्शल दोघं आले, पोरं पांगली, कार्यकर्ते सगळ्यात आधी.

डॉक्टरच्या हातात त्या वेळी चांगला कडक कायदा होता. महाराष्ट्राचा २०१० चा, डॉक्टर-हॉस्पिटलवरच्या हिंसाचाराविरुद्धचा. दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० पर्यंत दंड, आणि नासधूस केलेल्या सामानाच्या किंमतीच्या दुप्पट भरपाई. हवालदारच म्हणाला, डॉक्टरसाहेब तक्रार देता का, लगेच घेतो. दोघं नवरा-बायको केबिनमध्ये गेले, पाच मिनिटांनी बाहेर आले, म्हणाले नको. मॅडमनी मला नंतर कारण सांगितलं आणि त्यात कायद्याचा संबंधच नव्हता. त्या पोरांच्या आया आणि बहिणी त्यांच्याकडे बाळंतपणाला येतात. एफआयआर केला की अख्खा सेक्टर तुटला, आणि केस उभी राहायला पाच वर्षं, तोवर कोर्टात तारखांना ओपीडी बंद ठेवून जायचं कोणी. काच ८,५०० ची होती, स्वतः बसवून घेतली.

पोराच्या हातातही कायदा होता आणि त्याचंही तसंच झालं. त्याला मी सांगितलं होतं, पालिकेच्या आरोग्य विभागात लेखी तक्रार दे, बोर्डाचा फोटो जोड. त्याने खरंच अर्ज केला, सोमवारी, दोन पानी. वैद्यकीय अधिकाऱ्यांचं ऑफिस निम्मं इलेक्शन ड्युटीवर. डिसेंबरमध्ये हॉस्पिटलला खुलासा मागणारं पत्र आलं, त्याचं उत्तर कोणी टाइप केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. बोर्ड अद्ययावत करून दर्शनी भागात लावला आहे, सोबत फोटो. प्रकरण दप्तरी दाखल. पोराला फोन करून मी सांगितलं की उत्तर मी लिहिलंय. तो हसला, म्हणाला चालतंय दादा, बोर्ड तरी लागला.

पैशाचं असं ठरलं की १५,००० आत्ता, राहिलेले २०,००० दोन हप्त्यांत, साध्या कागदावर लिहून. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट सगळं त्याच रात्री दिलं. डॉक्टर आधी म्हणत होता फाइलची झेरॉक्स पैसे आल्यावर, त्याला मी मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम आठवून दिले, पेशंटने मागितले की ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचे, थकबाकी असली तर अडवून ठेवता येतात असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. साडेनऊला काका रिक्षात बसले. आई डॉक्टरच्या पाया पडली. दोन तासांपूर्वी खाली काच फुटली होती त्याच पायरीवर. डॉक्टरला कुठे बघावं कळेना.

दिवाळी झाल्यावर १०,००० आले. दुसरा हप्ता आला नाही. टेम्पोचं इंजिनचं काम निघालं, काका महिनाभर गाडीवर बसले नाहीत, मी विचारलंही नाही.

डॉक्टरने ह्यातून जे बदललं ते सांगतो. कूलर हलला. नवा बोर्ड आला, मराठीत, ह्या वेळी पीव्हीसीचा, त्यात आरएमओ आणि बायोमेडिकल वेस्ट दोन्ही ओळी रीतसर छापल्या, म्हणजे जे ४,८०० काढून घेतले होते ते आता नियमात बसले. दिवस मोजायची वेळ दुपारी १२ ते १२. हॉस्पिटल योजनेत नाही अशी पाटी काउंटरला. एचडीयूत हलवताना मराठीतला एक पानाचा कागद, रोजचा अंदाजे खर्च आकड्यात लिहून, नातेवाईकाची सही. सुईबद्दल सिस्टरना ताकीद. हे सगळं चांगलं झालं.

आणि डिपॉझिट २५,००० चं ४०,००० झालं, पूर्ण भरल्याशिवाय वॉर्डात नाही. जीव धोक्यात असेल तर आधी उपचार करावेच लागतात, सुप्रीम कोर्टाने १९८९ लाच सांगितलंय आणि डॉक्टर ते पाळतो, सलाईन लावून, बीपी सांभाळून मग पालिकेच्या हॉस्पिटलला चिठ्ठी देतो. पण काका शनिवारी आले तेव्हा धोक्यात नव्हते. ६२,००० प्लेटलेट, चालत जिना चढले होते. आजच्या नियमाने १०,००० वर त्यांना घेतलंच नसतं आणि सोमवारी हिरड्यातून रक्त आलं तेव्हा ते कुठल्या वॉर्डात, कोणाच्या शेजारी झोपलेले असते देव जाणे. मी हे डॉक्टरला बोललो. तो म्हणाला, जाताना अडवायचं नाही ना, मग येताना विचारावंच लागणार, १४ जणांचे पगार, जीएनएम म्हणजे नर्सिंग शिकलेली सिस्टर २२,००० च्या खाली येत नाही, मुंब्र्याच्या हॉस्पिटलला २०२१ मध्ये आग लागली त्यानंतर फायरच्या लाइनवर घातलेलं कर्ज अजून फिटतंय, बुडालेले १०,००० मला कुठला कायदा आणून देणार. दिवाणी दावा लावा म्हटलं, दोघंही हसलो.

म्हणून आता भांडणं डिस्चार्जच्या काउंटरवर कमी आणि ऍडमिशनच्या काउंटरवर जास्त होतात. तिथे माणसं कमी जमतात, कारण रात्र असते आणि बरोबर एकटा मुलगा किंवा बायको असते, ती वाद न घालता दुसरी रिक्षा पकडतात. पालिकेकडे ह्याची तक्रार कोणी करत नाही. ऍडमिटच केलं नाही तर बिल कुठलं आणि बोर्डाचा फोटो कशाला.

३१ मार्चला रजिस्ट्रेशन संपत होतं म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्या तिथे बऱ्याच चकरा झाल्या. त्यातल्या एका संध्याकाळी काका ओपीडीत बसलेले दिसले, बीपीच्या गोळ्या बदलायला आले होते. ४०० रुपये केसपेपरचे काढून ठेवले, सुट्टे. रिसेप्शनिस्टने पावती फाडली, कॉम्प्युटरवर त्यांचं नाव टाकल्यावर खाली लाल अक्षरात १०,००० आले असणार, तिने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा केबिनच्या दाराकडे, आणि म्हणाली, काका चौथा नंबर, बसा.